चिठ्ठीवर नसलेली तारीख

दारू सोडलेल्या माणसाचे आपल्याकडे जे कौतुक होते, त्यात ‘एका दिवसात सोडली’ या तीन शब्दांना फार मान असतो. संकल्प करावा आणि त्याच क्षणी बाटली फोडून टाकावी, यात काही पुरुषार्थ आहे असे आपल्या लोकमनाने केव्हाच ठरवून टाकले आहे, आणि त्या माणसाच्या निर्धाराविषयी मलाही आदरच आहे. परंतु जो दंडक दारूच्या बाबतीतदेखील वैद्यकीय देखरेखीवाचून धोक्याचा ठरतो, तोच डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळीला लावण्याचा जो प्रघात घरोघर पडत चालला आहे, त्याविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. वीस वर्षांची दारू त्यांनी एका इस्पितळात दहा दिवस राहून सोडली आणि पाच औषधांची चिठ्ठी घेऊन ते घरी आले. त्या पाचांत रात्री घ्यावयाची अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी होती. ती कधीपासून घ्यावयाची हे चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेले होते, कधीपर्यंत हे मात्र नव्हते. दोन वर्षे गेली, रात्रीच्या गोळीला सकाळच्या गोळीची जोड मिळाली, आणि ओळखीचा औषधविक्रेता जुन्या चिठ्ठीवर मुकाट्याने पाकिटे देत राहिला. मग एका पाडव्याला मुलाने, अत्यंत सद्हेतूने, ‘बाबा, दारू सुटली, आता हे तरी कशाला?’ असे म्हणून सगळी पाकिटे केराच्या टोपलीत टाकली. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, आणि त्यांच्या पत्नीने वीस वर्षांच्या सवयीने जे केले ते सांगताना त्या माउलीच्या डोळ्यांत आजही पाणी येते: तिने नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता त्यांना फीट आली.

हे असे का व्हावे, याची कारणमीमांसा समजावयास डॉक्टर असण्याची गरज नाही. मेंदूच्या व्यापाराला लगाम घालणारे गाबा नावाचे एक द्रव्य आहे. दारू आणि या वर्गातील गोळ्या, ज्यांना बेंझोडायझेपिन असे नाव आहे, ही दोन्ही त्या लगामालाच बळ देतात. वर्षानुवर्षे बाहेरून बळ मिळू लागले, की मेंदू आपली उत्तेजक बाजू वाढवून समतोल साधतो. मग तो बाहेरचा हात एकाएकी निघाला तर घोडा उधळणारच. अट्टल मद्यप्याला पेला सोडल्यावर दोन ते चार दिवसांत जो भ्रम, कंप आणि झटके येतात ते याच कारणाने, आणि म्हणूनच डिटॉक्समध्ये क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी दारूच्या जागी बसवून आठ-दहा दिवसांत पायरीपायरीने उतरवली जाते. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर ती हंगामी नेमणूक असते. घोळ होतो तो या हंगामी कामगाराला मुदतीअखेर कार्यमुक्त करण्याचे कोणी मनावर घेत नाही म्हणून. तो दप्तरात कायम होतो, आणि एकदा कायम झाल्यावर त्याला नोटिशीवाचून बडतर्फ करता येत नाही.

या औषधांची कुळी तशी फार जुनी नव्हे. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघालेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आले, १९६३ साली डायझेपाम आले, आणि चिंतेवर निरुपद्रवी इलाज सापडल्याचा आनंद जगाने पुढची कित्येक वर्षे उपभोगला. त्या आनंदाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यासाठी इंग्लंडातील न्यूकॅसल येथे प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे एक दवाखाना चालवला. आलेल्या माणसाचे म्हणणे त्या खरे मानीत. ‘हा तुमच्या मनाचा खेळ आहे’ असे सांगून कोणाची बोळवण करीत नसत. आणि गोळी किती वेगाने उतरवायची हे रोग्याच्या सोसण्यावर ठरवीत. अल्प्राझोलामसारखी लवकर ओसरणारी गोळी बदलून शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे डायझेपाम द्यावे व ते थोडे थोडे कमी करावे, ही त्यांची पद्धत. अर्ध्या मिलिग्रॅम अल्प्राझोलामची बरोबरी त्यांच्या कोष्टकात दहा मिलिग्रॅम डायझेपामशी लावलेली आहे, यावरून त्या इवल्याशा गोळीचा वकूब वाचकांच्या ध्यानी यावा. अर्थात दारूने यकृत खंगलेल्या माणसाच्या शरीरात डायझेपाम साचून राहू शकते, सबब हा बदल घरच्या घरी करावयाचा नव्हे.

अमेरिकेतील व्यसनवैद्यकाच्या संस्थेने इतर वैद्यकसंस्थांसह २०२५ साली जी मार्गदर्शिका काढली, तीत शरीर गोळीला सरावलेल्या रोग्याची मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्क्यांनी कमी करून पाहावी, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक सहसा कमी करू नये, असे म्हटले आहे. आता आपल्या घरातील गणित पाहा. अर्ध्याची पाव केली म्हणजे फार सावधपणा केला असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती एका फटक्यात पन्नास टक्क्यांची कपात असते. शिवाय अखेरच्या पायऱ्याच अधिक निसरड्या असतात, आणि नेमके तिथेच ‘आता एवढ्याशाने काय होते’ म्हणून आपण उडी मारतो. वाटेत झोप उडाली, छातीत धडधड झाली, की जुना आजार उलटला असे समजून मात्रा दुप्पट करणारेही पुष्कळ. उतरणीचा त्रास आणि मूळ दुखणे यांतला भेद ओळखण्यासाठीच तर जाणता डॉक्टर सोबत हवा.

कायदा झोपलेला आहे असे नाही. १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या एच-१ या अनुसूचीत या गोळ्या आहेत. विक्रेत्याने रोग्याचे, डॉक्टरचे नाव आणि दिलेली मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी असा हुकूम आहे. हुकुमाची तामिली कशी होते हे आपण सारे जाणतो. पण नुसत्या कडक तामिलीनेही भागणार नाही, कारण ज्या दिवशी विक्रेता एकाएकी नियमावर बोट ठेवून पाकीट नाकारतो, त्या दिवशी अवलंबून राहिलेल्या रोग्याची अवस्था केराच्या टोपलीत गोळ्या गेलेल्या आमच्या कारकुनासारखीच होते. तेलंगणात हे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळण्याचा तिथे जुना रोग. २०१५ साली सरकारने भेसळीवर टाच आणताच, नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या निजामाबादच्या बाजूला आणि इतरत्रही ताडी पिणारी माणसे थरथरत, भ्रमिष्ट अवस्थेत सरकारी दवाखान्यांत येऊन पडली. भेसळ रोखणे न्याय्यच होते. पण त्यांच्या शरीराला त्या न्यायाची पूर्वसूचना मिळालेली नव्हती.

येथे एक सावधगिरी. गर्द किंवा अफूवर्गीय व्यसनातून बाहेर येणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते, त्याची गोष्ट निराळी. ते दीर्घकाळ घेणे हाच पुष्कळदा उपचार असतो. ‘औषधमुक्त’ होण्याच्या हौसेने ते लवकर तोडले, माणूस पुन्हा गर्दकडे वळला आणि त्याने जुनी मात्रा घेतली, तर सवय मोडलेल्या शरीराला ती प्राणघातक होते. गर्दुल्ल्यांच्या बोलीत एकाएकी नशा तुटल्यावरच्या यातनांना ‘टर्की’ म्हणतात. एका विलायती पक्ष्याचे नाव आपल्या पोरांच्या तोंडी या वाटेने बसले, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आमच्या कारकुनांची गोळी पुढे सुटली. फीट आल्यावर डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली, पत्नीने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर प्रत्येक कपात लाल शाईने नोंदवली, दोनदा वेग कमी करावा लागला, आणि दहा महिने लागले. पण ही लाल शाई पहिल्याच दिवशी इस्पितळाच्या कागदावर असावयास हवी होती. व्यसनमुक्तीच्या प्रत्येक डिस्चार्ज-कागदावर, प्रत्येक शांतवणाऱ्या गोळीपुढे, ती कोणी, केव्हा आणि कोणत्या पायऱ्यांनी उतरवावयाची याचा रकाना सक्तीचा करावा, अशी माझी आरोग्य खात्याकडे मागणी आहे. तिला खर्च नाही, नवा कायदाही लागणार नाही.

खात्याचा निर्णय होईपर्यंत कागद हाती घेताना नातेवाइकांनी हा प्रश्न स्वतः विचारावा, आणि उत्तर लिहून मिळेपर्यंत खुर्ची सोडू नये. जे आधीच वर्षानुवर्षे गोळी घेत आहेत त्यांना एवढेच सांगणे, की हा लेख वाचून आज रात्रीची गोळी टाकून देऊ नका. नेहमीप्रमाणे घ्या, आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ ठरवा. कोणाला विचारावे हे सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही १४४१६ या क्रमांकाची विनामूल्य सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येते.