आधी विचारपूस, मग भाव

गेल्या काही वर्षांत कापडाच्या धंद्यात प्रदर्शने आणि व्यापारी मेळावे पुष्कळ वाढले आहेत. मुंबईत गोरेगावला तयार कपड्यांच्या उत्पादकांची मोठी प्रदर्शने भरतात. दिल्लीत २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'भारत टेक्स' हा वस्त्रोद्योगाचा मेळावा भरला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे आपले व्यापारी आणि यंत्रमागधारक बंधू अशा ठिकाणी जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ते प्रवासखर्च सोसतात, काही जण स्टॉलचे भाडेही भरतात. पण परत आल्यावर काय झाले असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "गर्दी खूप होती, कार्डे बरीच मिळाली, बघू." महिन्याभराने ती कार्डे गल्ल्यात तशीच पडलेली असतात आणि कोणते कार्ड कोणाचे हेही आठवत नाही.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या व्यापारात आहोत आणि असे बरेच मेळावे पाहिले आहेत. आमचे स्पष्ट मत असे की आपल्या मालात खोट नाही. आपण जातो, उभे राहतो, माल मांडतो, पण बोलत नाही. आणि बोललोच तर भावापासून सुरुवात करतो.

भाव सांगितला की बोलणे संपते

स्टॉलवर आलेल्या माणसाला आपण पहिल्याच वाक्यात काय सांगतो? भाव. आपण दुसऱ्याच्या स्टॉलवर गेलो की पहिल्या वाक्यात काय विचारतो? तोही भाव. साठ नंबरच्या सुताचे, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशीचे, त्रेसष्ट इंच पन्न्याचे केंब्रिक शंभर ठिकाणी विणले जाते. नुसता भावच बोलायचा असेल तर जो मीटरमागे पंचवीस पैसे खाली येईल त्याचा सौदा होईल, आणि उद्या तिसरा कोणी तीस पैसे खाली येईल. अशा सौद्यात गिऱ्हाईक आपले नाव लक्षात ठेवत नाही. ठेवण्याचे त्याला कारणही नसते.

पूर्वीची रीत वेगळी होती. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात व्यापारी गादीवर बसे. दलाल गिऱ्हाइकाला घेऊन येई, चहा येई, गावची-घरची विचारपूस होई, मग ताका उघडला जाई. ओळख करून देणे हे दलालाचे काम होते. कित्येक बाजारांत तर रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असे. त्याला हत्ता म्हणत. त्यात तोंड उघडण्याची गरजच नसे. मेळाव्यात गादी नाही, दलाल नाही आणि वेळही नाही. समोरचा माणूस दोन-तीन मिनिटे थांबतो. तेवढ्यात दलालाचे काम आपले आपल्याला करावे लागते.

दलालांविषयी आमची तक्रार नाही. चांगला दलाल पार्टीची पत जाणतो आणि बुडणारी उधारी वाचवतो. पण आपल्या कोऱ्या कापडाचा पुढे शर्ट होतो, अस्तर होते की रुग्णालयातली चादर होते, हे त्यालाच ठाऊक असते, विणणाऱ्याला नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाची मागणी बदलते तेव्हा ती खबर मागापर्यंत सर्वांत शेवटी येते. तोवर बिमावर जुन्याच मालाचे सूत चढलेले असते आणि गोदामात ताक्यांची थप्पी लागलेली असते. मग माग बंद ठेवावे लागतात आणि कारागिराच्या घरी आठवड्याची मजुरी जात नाही. दोन शब्द बोलण्याचा प्रश्न अखेर त्या मजुरीपर्यंत जाऊन पोहोचतो, म्हणून आम्ही तो या पानावर मांडत आहोत.

आपलाच घोळका

कोणत्याही मेळाव्यात दुपारी जेवणाच्या वेळी नजर टाकावी. मालेगावचे मालेगावकरांबरोबर, भिवंडीचे भिवंडीकरांबरोबर. तेथेही चर्चा सुताच्या भावाची आणि वीजबिलाची, म्हणजे जी रोज आपल्या नाक्यावर चालते तीच. आपल्या माणसांत बरे वाटते हे खरे. पण आपल्या माणसाला जे ठाऊक आहे ते आपल्यालाही ठाऊकच असते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले की ही खबर तुम्हाला कोणी दिली. बहुतेकांना ती जवळच्या दोस्ताने दिलेली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाने दिली होती. कारण सरळ आहे. लांबचा माणूस वेगळ्या लोकांत वावरतो, त्याच्याकडे वेगळी खबर असते. धंद्यालाही हेच लागू आहे. एवढा खर्च करून गेल्यावर नाक्यावरच्याच मंडळींशी बोलून परत यायचे असेल तर नाकाच काय वाईट?

भाषेचा संकोच

अनोळखी माणसाशी न बोलण्याचे एक कारण आपले लोक उघड सांगत नाहीत. ते म्हणजे भाषा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. ज्यांचे तसे झाले त्यांना हा संकोच चांगला ठाऊक आहे. इंग्रजी येत नाही, मराठी बोलताना कोठे चुकेल अशी भीती वाटते, मग माणूस हसून कार्ड पुढे करतो आणि गप्प बसतो.

पण विचार करा. नंबर, रीड, पीक, पन्ना, ताका, घडी, किनार हे शब्द कोणत्या शाळेने शिकवले? ते कारखान्याने शिकवले आणि या भाषेत आपला विणकर कोणापेक्षा कमी नाही. समोर शर्ट बनवणारा उभा असतो तेव्हा त्याला व्याकरण नको असते, कापडाची जाण असलेला माणूस हवा असतो. साध्या मराठीत किंवा हिंदीत एक पुरे वाक्य नीट म्हणता आले तरी भागते. ते वाक्य घरून ठरवून जावे. "आम्ही सर्व प्रकारचा माल करतो" असे मात्र म्हणू नये. सर्व प्रकारचा माल करणारा कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्यापेक्षा, "भिवंडीत आमचे चोवीस माग आहेत, साठ नंबरचे कॉटन विणतो, महिन्याला वीस-पंचवीस हजार मीटर निघते," एवढे सांगावे. ऐकणाऱ्याला आपण कोण, काय आणि किती हे लगेच कळते.

विचारायचे काय?

उर्दूत आपण म्हणतो, पहले सलाम, फिर कलाम. सलाम-नमस्कार झाला की पुढचे पहिले वाक्य आपल्या मालाचे असू नये. ते समोरच्याच्या कामाविषयी असावे, आणि "धंदा कसा काय?" असे मोघम नसावे. त्याला "ठीक आहे" यापलीकडे उत्तर येत नाही.

शर्ट बनवणाऱ्याला विचारावे, "धुलाईनंतर तुमच्याकडे कापड किती आटते? कापताना वाया किती जाते?" प्रोसेस हाऊसवाल्याला विचारावे, "कोऱ्या कापडातला कोणता दोष रंगवल्यावर तुम्हाला सर्वांत जास्त त्रास देतो?" सूतवाल्याला विचारावे, "या महिन्यात कोणत्या नंबरला उठाव आहे?" यंत्राच्या विक्रेत्याला किमतीआधी विचारावे, "मशीन बिघडले तर आमच्या गावात दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो?" अशा प्रश्नांतून दोन गोष्टी कळतात. समोरच्याची अडचण आपल्याला कळते आणि आपण काम जाणणारे आहोत हे त्याला कळते.

आमच्या ओळखीच्या एका तरुण यंत्रमागधारकाचे उदाहरण देतो. एका प्रदर्शनात त्याला रुग्णालयांना चादरी पुरवणारे एक गृहस्थ भेटले. त्याने भाव काढला नाही. विचारले, "साहेब, तुमची चादर आधी कोठे फाटते?" ते गृहस्थ थांबले. म्हणाले, "बाजूला. पन्ना कमी पडतो, म्हणून शिवण बारीक घ्यावी लागते, आणि गरम पाण्याच्या धुलाईत तीच आधी उसवते." तरुणाने पुढचा प्रश्न केला, "किती इंच जास्त मिळाले तर शिवण नीट बसेल?" त्याच्याकडे रुंद माग होते. आठ दिवसांत त्याने नमुना पाठवला, आधी चार ताक्यांची मागणी आली, नंतर नियमित काम सुरू झाले. भाव ठरलाच, पण तो शेवटी ठरला आणि पैशा-पैशाची ओढाताण न होता ठरला.

या उदाहरणातला दुसरा प्रश्न लक्षात घेण्यासारखा आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसून आले की जो जास्त प्रश्न विचारतो, विशेषतः मिळालेल्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतो, तो समोरच्याला अधिक आवडतो. कारण त्यातून आपण ऐकत आहोत हे सिद्ध होते. यादी पाठ करून एकामागून एक प्रश्न विचारले तर ती फौजदाराची चौकशी वाटेल.

काही गोष्टी टाळाव्यात. दुसऱ्या व्यापाऱ्याची निंदा करू नये. ऐकणारा मनात म्हणतो की उद्या हा माझीही करील. "सध्या माल कोणाकडून घेता, काय भावाने घेता?" हे पहिल्या भेटीत विचारू नये. जे विणता येत नाही त्याला होय म्हणू नये. समोरचा बोलत असताना मोबाईल कानाला लावू नये. आणि दुसरे गिऱ्हाईक खोळंबले असेल तर, "आपला बराच वेळ घेतला, सोमवारी फोन करतो," असे म्हणून स्वतःहून बाजूला व्हावे.

कारागिरांना दोन शब्द

जरीकाम, भरतकाम, चामड्याच्या बॅगा, लाकूडकाम करणाऱ्या आपल्या बांधवांची स्थिती आणखी अवघड आहे. त्यांच्या वतीने नेहमी कंत्राटदारच बोलतो. कधी मेळाव्यात जाण्याची वेळ आली तर कारागीर म्हणतो, "सेठ, काही काम असेल तर द्या." असे म्हटल्याबरोबर तो मजुरी मागणारा ठरतो. त्याऐवजी हातातला नमुना पुढे करावा. हा टाका कोणता, या कामाला किती तास लागले, स्वस्त कामात येथे काय वाचवतात आणि मग ते किती दिवस टिकते, हे सांगावे. मग विचारावे, "तुमच्या गिऱ्हाइकाला कोणते काम आवडते?" हुन्नर हातात असतो, पण त्याची किंमत सांगण्यासाठी जीभ लागते. घरी बसून भरतकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनाही अशा ठिकाणी नेले पाहिजे. त्यांच्या कामाविषयी त्यांच्याइतके नेमके कोणी बोलू शकणार नाही.

घरी आल्यावर

मेळाव्यातले बोलणे ही निम्मी मजल आहे. त्याच संध्याकाळी प्रत्येक कार्डाच्या मागे दोन ओळी लिहाव्यात. काय बोलणे झाले, काय पाठवायचे कबूल केले. तीन-चार दिवसांत फोन करावा आणि ज्या मालाविषयी बोलणे झाले त्याचाच तुकडा, नंबर-रीड-पीक-पन्ना लिहून पाठवावा.

सौदा जमू लागला की पैशाच्या मुदतीचेही तोंडी ठेवू नये. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आहे, आमच्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याला नाही. म्हणून यंत्रमागधारकांनी उद्यम नोंदणी करून ठेवावी आणि मुदत कागदावर घ्यावी. सुरुवात गोड बोलण्याने झाली म्हणून शेवट मोघम ठेवण्याची गरज नाही.

संघटनांचे काम

काही बंधू म्हणतील, बोलून काय होते, शेवटी भावच बोलतो. एकसारख्या मालात तो बोलतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण समोरच्याला नेमका कोणता माल हवा आहे हे कळले की आपला माल एकसारखा राहत नाही. आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्या व्यापारी संघटनांनाही सांगणे आहे. आपल्या मेळाव्यात दोन तास हारतुरे, शाल-श्रीफळ आणि भाषणे होतात, मग सगळे जेवणाकडे धावतात. त्यातला एक तास ओळखीसाठी राखावा. प्रत्येकाने एका मिनिटात आपले काम आणि आपली एक अडचण सांगावी. मोठ्या प्रदर्शनाला जाण्याआधी तरुणांना कार्यालयात बोलावून हे बोलणे म्हणवून घ्यावे. यासाठी देणगी लागत नाही, सतरंजी आणि चहा पुरे.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोने विकत नाही, असे मराठीत म्हणतात. आपल्याला माती विकायची नाही. पण आपल्या मागावरचे सोने गोदामात पडून राहू नये, एवढी काळजी तरी आपण घेतली पाहिजे. पुढच्या मेळाव्यात प्रत्येकाने तीन अनोळखी माणसांना त्यांच्या कामाविषयी एक-एक प्रश्न विचारावा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. भाव सांगायला वेळ पुष्कळ आहे.