नकाराचं दुकान

‘रिजेक्ट झालात? टेन्शन घेऊ नका!’ या आठवड्यात माझ्या फोनवर एक जाहिरात येऊन पडली. परदेशी शिक्षणाच्या एका सल्लागाराची. व्हिसा नाकारलेल्यांसाठी खास पॅकेज: नवा एसओपी (शिकायला का जायचंय ते सांगणारं निवेदन), मुलाखतीच्या तालमी आणि ‘रिजेक्शनचं नेमकं कारण शोधून देण्याची हमी’. पैसे अर्थातच आगाऊ. जे कारण खुद्द अमेरिकन वकिलात सांगत नाही, ते हे गृहस्थ पुण्यात बसून शोधणार.

मी पुन्हा कन्सल्टंट मंडळींवर घसरणार, हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेलच. घसरणार आहेच. पण त्यांच्या दुकानात माल कोण भरतं, तेही या खेपेला सांगायचंय.

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत काय होतं, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना ठाऊक आहे. आईबाप बाहेर, मोबाइल त्यांच्या हातात, पोरगं आत. त्याच्याजवळ जाडजूड फाइल: विद्यापीठाने दिलेला आय-२०, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, सीएने सही ठोकलेलं मालमत्तेचं विवरण, वर काकांच्या शेताचा सातबारा. काचेपलीकडचा अधिकारी बहुतेकदा ती फाइल मागतही नाही. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, वडील काय करतात. मधूनमधून कीबोर्डची टकटक. आणि काचेखालून एक छापील कागद सरकतो. कलम २१४ (बी). कायदा १९५२ चा. म्हणणं एवढंच, की तुम्ही कायमचे राहायलाच येताय असं आम्ही धरून चालतो आणि तसं नाही हे तुम्ही आम्हाला पटवू शकला नाहीत. का पटलं नाही? ते कागदावर नसतं. नाशिकच्या मुलीला तोच मजकूर, कोल्हापूरच्या मुलालाही तोच. अपील नाही. १८५ डॉलर पुन्हा भरा आणि पुन्हा रांगेत या.

आता आपला तहसीलदार घ्या. हो, तोच, ज्याच्या नावाने आपण उठता-बसता बोटं मोडतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे उत्पन्नाचा दाखला नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. त्यावर पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्याच्याही वर आयोग. सबळ कारण नसताना अडवणूक केली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. ‘सर्व्हर डाउन आहे’ या उत्तरावर कुठलंच अपील चालत नाही, हे मलाही माहीत आहे. तरीपण निदान कायद्यात तरी, एका दाखल्यासाठी आपण सरकारला ‘का?’ असं विचारू शकतो. घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचं भवितव्य ठरवणाऱ्या कागदाला मात्र तो प्रश्न विचारायची सोय नाही.

दाखला हा हक्क आहे, व्हिसा ही मेहेरबानी, असं कुणी म्हणेल. देश त्यांचा, दार त्यांचं. कबूल. पण ब्रिटनचं दारही ब्रिटनचंच आहे ना? तिथल्या नकारपत्रात नियमाचा क्रमांक असतो आणि नियम कुठे मोडला तेही असतं. ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. मधेच बापाने लग्नकार्यासाठी पैसे काढले आणि शिल्लक एक दिवस जरी खाली गेली, तरी अर्ज बाद. निर्दय आहे, पण घोडं कुठे अडलं हे बापाला कळतं. निर्णयच चुकला असं वाटलं तर ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते. कॅनडाही पूर्वी ‘तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही’ एवढ्यावर बोळवण करायचा. अधिकाऱ्याचा शेरा बघायचा तर तिथला कुणीतरी गाठून माहितीच्या कायद्याखाली ५ डॉलर भरून अर्ज करायला लावावा लागे. २०२५ च्या जुलैअखेरपासून तो शेरा नकारासोबतच द्यायला त्यांनी सुरुवात केली. जर्मनी नेमकी उलट्या पावली निघाली. वकिलातीकडे फुकट आक्षेप नोंदवायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद. आता नवा अर्ज करा, नाहीतर थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. आणि अमेरिका? एल साल्वादोरच्या नवऱ्याचा व्हिसा नाकारला गेला, तर त्याची कारणं मागण्याचा घटनात्मक हक्क त्याच्या अमेरिकन बायकोलाही नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा मुनोझ खटल्यातला २०२४ चा निकाल आहे. तिथे आपल्या पोरांना कोण विचारतो!

कारणाची जागा कोरी राहते आणि नेमकी तीच जागा कन्सल्टंट भाड्याने घेतो. एक म्हणतो फंड कमी दाखवलेत, दुसरा म्हणतो डोळ्याला डोळा भिडवून बोलला नाहीस, तिसऱ्याला शर्टाचा रंग खटकतो. खोटं ठरवायला कुणी येणार नसल्यामुळे तिघेही बरोबर!

माझं विचाराल, तर ‘लहानपणापासूनच मला यंत्रांची आवड होती’ या एका वाक्यानेच अर्ध्या पोरांचा घात केलाय. एसओपी वकिलातीत कोण वाचतो, असं म्हणतात. पण पाठ केलेलं ते वाक्य काचेसमोर जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि मागोमाग ‘परत येऊन वडिलांचा व्यवसाय बघणार’ हेही. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक. वकिलात कारण देत नाही म्हटल्यावर माझं कारण मी ठोकून दिलं तर बिघडलं कुठे? शिवाय शिक्षणानंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं नोकरीची मुभा देणारा देश दारातच ‘परत जाणार ना?’ असं विचारतो, तेव्हा पाठांतराची शिकवणी लावणाऱ्या पोराला तरी किती बोलायचं!

नव्या अर्जात जुना नकार दाखवू नका, हा सल्लाही हल्ली कानावर येतो. तो देणाऱ्याच्या दुकानातून ताबडतोब उठा. डीएस-१६० या अमेरिकन व्हिसाच्या अर्जात तो प्रश्न सरळ विचारलेला आहे आणि नोंद त्यांच्याकडे आहेच. खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर अमेरिकेचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं. कॅनडात ५ वर्षं, ब्रिटनमध्ये १०.

आणि सेव्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी-नोंदणीची, ३५० डॉलरची पावती जपून ठेवा. नकारानंतर १२ महिन्यांत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केलात, तर ती फी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. पॅकेजवाले हेच ३५० डॉलर ‘आम्ही वाचवून दिले’ म्हणून बिलात दाखवतील.