मधुमेह आणि अंगमेहनत



“आम्ही दिवसभर रानात राबतो, मग आम्हांला कसला व्यायाम सांगता?” असे मधुमेहाचे पुष्कळ रोगी विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून या रोगात मेहनतीने शरीरात काय घडते ते समजून घेऊ.

अन्नापासून तयार झालेली साखर रक्तातून स्नायूंत जाते. त्यासाठी स्नायूंचे दार इन्सुलिन उघडते. बहुधा मोठ्या वयात जडणाऱ्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हे दार इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर रक्तातच साठते. पण स्नायू हलू लागले की साखर आत घेण्याची दुसरी वाट उघडते. तिला इन्सुलिनची गरज नसते, आणि मधुमेह झाला तरी ती शाबूत राहते. मेहनतीनंतर एक ते तीन दिवस इन्सुलिनचा गुणही अधिक येतो.

म्हणूनच सुगीत मरमर राबायचे आणि पुढे महिनाभर पारावर बसायचे, याने भागत नाही. शिवाय आता ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि विजेचा पंप आल्यामुळे पायांचे चालणे कमी झाले आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालावे. सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालल्यास साखर फारशी चढत नाही.

मधुमेह असलेल्या माणसाला तेवढ्याच कामाने लवकर थकवा येतो. हा आळस नव्हे. घरच्यांनी त्याला बोल लावू नये. सुरुवात थोडक्याने करून हळूहळू वाढवावे. मात्र नव्यानेच दम लागू लागला, छाती भरून आली किंवा कारणाशिवाय घाम फुटला, तर तत्काळ डॉक्टर गाठावा. या रोगात हृदयविकाराची कळ कधी कधी जाणवतच नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. औषध घेऊन उपाशीपोटी रानात गेल्यास साखर एकदम उतरते. हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, भोवळ येते. अशा वेळी सावलीत बसून तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, मग भाकरी खावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये; थेट दवाखान्यात न्यावे. जड कामानंतर रात्रीही साखर उतरू शकते. औषधाचे माप डॉक्टरांनाच विचारून बदलावे.

पाय बधिर झाले असतील तर काटा रुतलेला कळत नाही. अनवाणी फिरू नये, आणि रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत.

भगिनींनो, घरधनी रानात निघताना शिदोरीबरोबर साखरेची पुडी बांधून द्या. आणि तुम्हांला स्वतःला हा आजार असेल, तर एक पुडी आपल्याही पदराला बांधा.