घरगुती यंत्रविचार : मोटारसायकलचें अग्निमांद्य

जठराग्नि मंद झाला म्हणजे खाल्लेलें अन्न पचत नाहीं, त्याचा आम होतो, असें आमचे वैद्य सांगतात. मोटारसायकलच्या पोटांत पेट्रोल जास्त व हवा कमी जाऊं लागली कीं हुबेहूब तोच प्रकार होतो. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. ती न मिळाल्यास अर्धवट ज्वलनानें काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु फार निघतो. त्या वायूला ना रंग ना वास.

२०२० सालीं कडक प्रदूषणनियम लागू झाल्यापासून नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळजवळ नाहींसा झाला. परंतु जुन्या गाड्या अजून घरोघर आहेत. आमच्या पुतण्याची अशीच एक. रोज सकाळीं तो ती वाड्याच्या बोळांत पांच-दहा मिनिटें तापवीत असे. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी गाडी पस्तिसांवर आली, तेव्हां तो नवा कार्बुरेटर घेण्यास निघाला. आम्हांस मात्र दुसरीच काळजी होती. बोळाला लागून असलेल्या स्वयंपाकघरांत सूनबाईंचें डोकें दुखूं लागलें होतें. गाडी बोळांत सुरू करावयाची नाहीं, असें आम्हीं त्याच दिवशीं बजावलें.

मग निदानास बसलों. गाडी थंड असतां चोक न ओढतांच सुरू होई, आणि तापली कीं अधिक अडखळे. इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहिला, तो कोरड्या काजळीनें माखलेला. (तो तेलकट ओला असता तर दोष निराळा.) चोक पूर्ण मिटत होता. पेट्रोल कोठें ठिबकत नव्हतें, म्हणजे फ्लोटची सुई बसत असावी. हवेचा कागदी फिल्टर मात्र धुळीनें इतका बुजला होता कीं त्यांतून उजेड दिसेना. तो धुवावयाचा नसतो, बदलावयाचा असतो, बदलला. भरधाव जातांना गाडीला येणारा जडपणा तत्काळ गेला. तरी जागच्या जागीं धडधडतांना धूर तसाच.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मूठ जवळजवळ मिटलेली असतां मंदगतीच्या जेटचें व त्याच्या स्क्रूचें राज्य. मध्यावर सरकत्या सुईचें. पूर्ण पिळल्यावर मुख्य जेटचें. दोष कोणत्या टप्प्यांत दिसतो हें पाहिल्यास निम्मा शोध लागतो. आमचा दोष पहिल्या टप्प्यांत उरला होता.

“या स्क्रूला कोणी हात लावला होता का?” आम्हीं विचारलें.

“काका, मीच. मित्र म्हणाला, बाहेर काढलास कीं हवा वाढेल.”

मित्राचें म्हणणें एका जातीच्या कार्बुरेटरला लागू आहे, दुसऱ्या जातीला नाहीं. स्क्रू फिल्टरच्या बाजूस असेल तर तो हवेचा. बाहेर काढल्यास मिश्रण सौम्य होतें. इंजिनच्या बाजूस असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर काढल्यास मिश्रण अधिकच गाढ. आमच्या गाडीचा इंजिनच्या बाजूस! बुजलेल्या फिल्टरवर उपाय म्हणून पोरानें पेट्रोलच वाढवून ठेविलें होतें.

हलक्या हातानें मोजीत आंत फिरविला, तो साडेचार फेऱ्यांनीं तळाला लागला. जोरानें आवळूं नये, टोंक बिघडतें. दोन फेऱ्या बाहेर काढून गाडी रस्त्यावर नीट तापविली व पाव-पाव फेरीनें चाचपीत गेलों. जेथें इंजिनचा वेग सर्वांत जास्त व स्थिर लागला तेथें थांबलों. मग निराळ्या स्क्रूनें वेग उतरविला. सुईची कडी वरच्या खांचेंत बसवून मधला टप्पा सौम्य करतां येतो. त्याची गरज पडली नाहीं.

इंजिनच्या तेलाला पेट्रोलचा वास येत होता. असें पातळ तेल सिलिंडर झिजवितें, म्हणून तेंही बदललें. आठ दिवसांनीं प्लग पुन्हां काढला, तो फिकट विटकरी. सूनबाईंचें डोकें त्याआधींच थांबलें होतें.