बुरशीचे मखर

बुरशी म्हणजे घाण, असे म्हणून शहाणी मंडळी नाक मुरडते. पण वाचकहो, २०१४ साली न्यूयॉर्कात डेव्हिड बेंजामिन यांनी सुमारे दहा हजार विटांचा मनोरा रचला, तो मक्याच्या ताटांत बुरशी वाढवूनच! भुसकट उकडावे, अळिंबीचे बियाणे कालवावे, साच्यात भरावे. काही दिवसांत तंतू सारे घट्ट बांधतात. मग भट्टीत वाळवले की वाढ थांबते.

आणि आमच्या वैरागला? तुराट्या बांधावर पेटतात! २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली. त्याच्या जागी काय, याचा विचार कोणी करायचा? कडबा गुरांच्या तोंडचा, त्याला हात नको. तुराट्या पुष्कळ आहेत. पाण्यात हे टिकत नाही, हा आक्षेप खरा. पण दहा दिवसांच्या मखराला अमरत्व हवे कशाला? हस्तव्यवसायाच्या तासाला कागदी फुले पुरेत. पोरांच्या हाती साचे द्या!