संगीतसूर्य केशवराव
नाटककार देवलांची ‘शारदा’ बालवयातच रंगवून रसिकांना वेड लावणाऱ्या कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, 1908 साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी काढली, हे धाडस थोरच. परंतु माझे मन राहून राहून वळते ते 8 जुलै 1921 च्या मुंबईतील त्या रात्रीकडे, जेव्हा टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीस्तव, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांची इभ्रत पणास लागली असताही, दोहोंनी मिळून केलेल्या ‘संयुक्त मानापमान’ नाटकात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर, वर्षानुवर्षे स्त्रीभूमिका केलेले केशवराव धैर्यधर होऊन उभे राहिले आणि त्यांचा तेजस्वी, टिपेचा स्वर निःशंकपणे तारसप्तकात शिरला. तीन महिनेही लोटले नाहीत तोच, 4 ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो कंठ कायमचा थांबला.