७७७ : औषध नव्हे, व्यसन

परवाचा शनिवार ऑफिसात गेला. कारण? रात्रीचा बॅकअप. लिनक्सच्या सर्व्हरवरून 'आरसिंक -ए' एनएफएस शेअरवर फायली ढकलायचा आणि प्रत्येक फाइलमागे रडायचा: मालक बदलता येत नाही, परवानगी नाही.

हे रडगाणं नवं नाही, आणि आपल्याकडचा तोडगाही ठरलेला. आधी सुडो लावायचं. नाही चाललं की शेअरच्या फोल्डरला ७७७ द्यायचं. तरी बोंब थांबली नाही, की सगळ्या एरर डेव्ह-नलमध्ये ओतायच्या! दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला.

अहो, पण एरर काय म्हणतेय ते तरी वाचा. रूट, म्हणजे ० नंबरचा युजर, एनएफएसच्या दारात पोचला की 'रूट स्क्वॉश' त्याला 'नोबडी' करून टाकतं. म्हणजे सुडो लावून तुम्ही राजा नाही, भिकारी होऊन उभे राहता! ७७७ ने त्या भिकाऱ्यालाही आत घेतलं. फायली उतरल्या, पण नोबडीच्या नावावर. '-ए' मूळ मालक लावायला बघणार, आणि तो हक्क नोबडीला नाही. एरर शंभर टक्के खरं बोलत होती.

तिचं तोंड दाबण्याची किंमत ऐका. मालकी बसली नाही तरी आरसिंकचा एक्झिट कोड २३, आणि खराब डिस्कमुळे फाइल वाचता आली नाही तरी २३च. आमच्याकडे दुसरं कारण कित्येक आठवडे पहिल्याच्या आड लपलं होतं. डिस्क गेली तेव्हा कळलं. हिशोबाच्या अकरा फायली परत आल्याच नाहीत.

हुशार मंडळी म्हणतील, 'नो रूट स्क्वॉश' टाका की! टाका. मग ज्या मशीनला शेअर दिलाय, तिथला प्रत्येक रूट तुमच्या शेअरचा पाटील.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. आधी ठरवा, मालकी जपायची आहे का? नसेल तर 'नो-ओनर', 'नो-ग्रुप' द्या. एक्सपोर्टमध्ये 'अॅनॉन-यूआयडी' देऊन रूटचा नोबडीऐवजी बॅकअपचा खास युजर होऊ द्या, फोल्डर त्याच्या नावावर करा आणि ते ७७७ काढा. मालकी हवीच असेल तर टारमध्ये बांधून पाठवा, मालकाचा नंबर आतच लिहिलेला असतो.

असो. सोमवारी गेल्यागेल्या आपल्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये डेव्ह-नल शोधा. सापडलं, तर तुमचाही एक शनिवार जाणार आहे. फायली जाण्याआधी गेलेला बरा.